परळच्या टाटामधलं संशोधन: शंभर रुपयांची सुई, स्वस्त गोळ्या आणि काही 'नाही'

फाईलवाली (धागाकर्ती)

परवा परत तो मेसेज आला. 'टाटात कॅन्सरवर शंभर रुपयांचं इंजेक्शन सापडलं, कंपन्या दडपतायत, शेअर करा'. अर्धं खरं, अर्धा कचरा, आणि खाली आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवेळी तीच जुंपते, म्हणून म्हटलं एकदा धागाच काढू. मी परळमधल्याच एका हॉस्पिटलात बरीच वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर होते, म्हणजे फायली शोधणे, पेशंटला फोन लावणे, फॉर्म भरणे, डॉक्टरांच्या मागे सहीसाठी धावणे. डॉक्टर नाहीये, उपचाराचा सल्ला मागू नका.

तर ती सुई. औषध नवीन काहीच नाही, लिग्नोकेन. दाढ काढताना डेंटिस्ट टोचतो तेच. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि टीमने काय केलं, तर ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनआधी, पेशंट टेबलवर भूल देऊन झोपलेली असताना, गाठीच्या आजूबाजूला ०.५ टक्के लिग्नोकेन टोचलं आणि ७ ते १० मिनिटं थांबून मग सुरी लावली. बस. १६०० बायका, भारतातली ११ सेंटरं, २०११ पासून भरती. अर्ध्या जणींना सुई, अर्ध्या जणींचं नेहमीसारखं ऑपरेशन, आणि कुणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, कम्प्युटर चिठ्ठी काढतो. ५ वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण सुई न दिलेल्यांत ८६.४ टक्के, दिलेल्यांत ९०.१. रोग परत न येता जगणाऱ्या ८२.६ विरुद्ध ८६.६. २०२२ ला पॅरिसच्या मोठ्या कॅन्सर परिषदेत मांडलं, २०२३ ला जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत छापून आलं. दडपलं वगैरे कुणी नाही, जगजाहीर आहे.

कंपन्यांचं खरं एवढंच की लिग्नोकेनवर आता कुणाचं पेटंट नाही, मग एवढी वर्षं एवढ्या बायकांच्या मागे राहण्याचा खर्च कुठली कंपनी कशाला करेल. असले प्रश्न सरकारी पैशावर चालणाऱ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटललाच विचारावे लागतात (टाटा १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, बऱ्याच जणांना अजून वाटतं टाटा ग्रुप चालवतो). मला या धाग्यात त्याच प्रश्नांबद्दल बोलायचंय. ज्यांना माहितीये त्यांनी भर घाला.

कोकणी_काजू

+१ वाचतेय. माझ्या आत्याचं ऑपरेशन ९ वर्षांपूर्वी झालं, आता ही सुई देऊन काही उपयोग?

फाईलवाली

नाही काजूताई, ही फक्त ऑपरेशनच्या आधीच्या त्या दहा मिनिटांचीच गोष्ट आहे. कल्पना अशी की गाठ हाताळताना, कापताना आजूबाजूच्या पेशी चेकाळतात, काही रक्तात निसटतात. लिग्नोकेन पेशीवरचे सोडियमचे दरवाजे बंद करतं, त्यामुळे त्या निसटण्याला खीळ बसत असावी. असावी म्हणतेय, ट्रायलने फायदा दाखवला, तो का झाला याचा हा तर्क आहे. आत्या ९ वर्षं ठीक आहेत हे ऐकून बरं वाटलं.

शंकासुर

आलो. धागा चांगला आहे पण थोडं मीठ घालतो.

एक, मेसेजमध्ये '२९ टक्के मृत्यू कमी' असं फिरतं. चूक नाही, पण लोकांना वाटतं शंभरातल्या २९ जणी वाचल्या. मुळात ५ वर्षांत शंभरात १३-१४ जणी जायच्या त्या १० वर आल्या, म्हणजे शंभरामागे जेमतेम ४. बाईमागे शंभर रुपयांत शंभरातल्या चार जणी वाचणं म्हणजे प्रचंडच आहे, माझा वाद आकड्याच्या पोशाखाशी आहे.

दोन, दुसऱ्या गटाला नुसत्या सलाइनची खोटी सुई दिलेली नव्हती. म्हणजे सर्जनला माहीत होतं कुणाला काय मिळालं. मरण हा आकडा कुणाच्या मतावर हलत नाही हे मान्य, तरी सुई टोचून दहा मिनिटं थांबणारा सर्जन पुढे हात जास्त हळू चालवत असेल का? गंमत म्हणून नाही विचारत. दुसऱ्या देशात कुणीतरी हे परत करून बघितल्याशिवाय मी नाचणार नाही.

फाईलवाली

शंकासुर, आलास ते बरं झालं, तुझ्याशिवाय धागा आळणी लागला असता. खोट्या सुईचा मुद्दा रास्त आहे. पण उलट बाजू पण बघ, लिग्नोकेनचा त्रास त्या ट्रायलमध्ये कुणाला झाला नाही, किंमत चहा-वडापावची. अशा वेळी 'अजून पुरावा येईपर्यंत थांबा' याचीही किंमत असते ना, ती कुणीतरी मोजते.

आणि ही कल्पना त्यांना अचानक सुचली नाही. बडवे १९९१ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलात होते, तेव्हा त्यांनी लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं की पाळीच्या कुठल्या दिवसात ऑपरेशन झालं यावर पुढचं आयुष्य अवलंबून असावं असं दिसतंय. तेव्हा पण लोक हसले असतील. मग इकडे परत येऊन जवळपास हजार बायकांवर ट्रायल केली, ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनची एकच सुई. २०११ ला निकाल आला, सगळ्या मिळून ठोस फरक नाही, पण ज्यांच्या काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत रोग पोचला होता त्यांच्यात फायदा दिसला. 'ऑपरेशनची वेळ हीच एक खिडकी आहे' हे डोक्यात धरून माणूस तीस वर्षं बसलाय.

शंकासुर

'फक्त अमुक गटात फायदा' हे माझं सगळ्यात नावडतं वाक्य. कापत गेलं की कुठल्यातरी तुकड्यात फायदा सापडतोच. पण मग तेवढ्यावर न थांबता पुढची ट्रायल काढली, याबद्दल सलाम.

टाके_मोजणारा

ईएनटी रेसिडेंट होतो एकेकाळी (टाटात नाही, दुसरीकडे), आता जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस. मला विचाराल तर टाटाचं सगळ्यात मोठं काम मानेवरचं.

सोप्या भाषेत सांगतो. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, जिभेवर किंवा गालात लहान गाठ, मानेत हाताला काही लागत नाही. गाठ काढायची हे नक्की. मानेतल्या लसिका ग्रंथी (मूळच्याच असतात, रोग पसरला तर तिथे पोचतो) आत्ताच काढायच्या की नंतर सुजल्या तर काढायच्या? यावर ५० वर्षं सर्जन लोक भांडत होते. काढल्या तर खांदा दुखतो, हात वर जात नाही, आणि कित्येकांना तो त्रास फुकटच झालेला असतो कारण त्यांच्या मानेत काही नव्हतंच. डॉ. अनिल डिक्रूझ आणि टीमने २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं भरती केली आणि ५०० पेशंटचा हिशेब २०१५ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. ३ वर्षांनी जिवंत, आधीच मान साफ केलेल्यांत ८० टक्के, वाट बघितलेल्यांत ६७.५. आठ जणांची मान आधी केली की एक जीव वाचतो. इतका सरळ निकाल आमच्या विषयात क्वचितच येतो. अमेरिकेतल्या परिषदेत मुख्य मंचावर मांडला गेला आणि भांडण बऱ्यापैकी संपलं.

आणि हे इथेच होऊ शकत होतं. तंबाखू-गुटख्याच्या कृपेने तोंडाचे कॅन्सर आपल्याकडे जेवढे तेवढे तिकडे एका हॉस्पिटलला दिसत नाहीत. याचा अभिमान बाळगायचा की लाज हे तुम्ही ठरवा.

बाकी पाठ्यपुस्तकात लिहायचे 'दर महिन्याला तपासणीला बोलवा'. माझा पेशंट ऊसतोडीला गेला की सहा महिने गायब. मान सुजेपर्यंत वाट बघायची तर बघणार कोण.

बार्शीचा_बाप्या

आमच्याकडच्या कामाचं नाव कुणी घेत नाही म्हणून मीच घेतो. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात टाटाच्या मदतीने १९८७ पासून गावोगावची कॅन्सरची नोंदणी चालू आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव म्हणायचं) गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका घेऊन अभ्यास झाला. गावांचे गट पाडले, काहींना एचपीव्हीची टेस्ट (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो शोधायची), काहींना पॅप (पेशी घेऊन लॅबमध्ये बघणे), काहींना नुसतं व्हिनेगर लावून बघणे, आणि एका गटाला नेहमीचं जे काय असेल ते. २००९ ला निकाल, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मरण जवळपास निम्मं केलं. आयुष्यात एकदा केलेली टेस्ट! आमच्या आईला त्या काळी गाडीने नेलं होतं तपासायला, परत आली तेव्हा शेजारणी विचारायच्या काय काय केलं, ती सांगायचीच नाही, नुसती हसायची.

दादर_टीटी

बाप्या भारी माहिती. मुंबईत व्हिनेगरवालं झालं होतं ना? झोपडपट्टीत?

फाईलवाली

हो. दीड लाख बायका, १९९८ पासून. स्वयंपाकातलं व्हिनेगर म्हणजे पातळ ॲसिटिक ॲसिड, गर्भाशयाच्या तोंडाला लावलं की बिघडलेली जागा पांढरी पडते, डोळ्याने दिसते, लॅब नको. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे ट्रेनिंग दिलेल्या बायका होत्या. टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ ला मांडलं, त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी (शंकासुर, हो, सापेक्ष टक्के आहेत, बस खाली).

त्याच बायकांची हाताने स्तनतपासणी पण चालू होती, तिचा निकाल २० वर्षांनी २०२१ ला बीएमजेत (ब्रिटिश मेडिकल जर्नल) आला. रोग लवकरच्या स्टेजला सापडायला लागला, पण मृत्यू एकूण १५ टक्के कमी दिसले, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो असा. पन्नाशीपुढच्या बायकांत मात्र जवळपास ३० टक्के कमी.

शंकासुर

बसलो होतो, उठतो. ज्यांची तपासणी केली नाही त्या दुसऱ्या गटाचं काय झालं ते कुणी लिहिणार आहे का? त्या बायकांना सुरुवातीला एकदा माहिती दिली, लक्षणं सांगितली, आणि मग वर्षानुवर्षं फक्त मोजलं. तपासणीने जीव वाचतो हे जगाला पॅपमुळे आधीच माहीत होतं. मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकेचा सरकारी पैसा होता म्हणून तिथे तक्रार गेली, संमतीपत्रात बायकांना पुरेसं सांगितलं होतं का यावर बोट ठेवलं गेलं. हा भाग फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

टाके_मोजणारा

त्यांची बाजू अशी होती की देशात त्या वेळी गरीब बाईला मिळणारी तपासणी म्हणजे शून्य, तर दुसऱ्या गटाला 'नेहमीचं' म्हणजे तेच. आणि पॅप इथे चालवायला लागणारी लॅबवाली माणसं नव्हती.

शंकासुर

शून्य होतं म्हणून शून्यच द्यायचं? हे ऐकायला बरं लागतं पण त्या दुसऱ्या गटातली बाई तुझी मावशी असती तर?

फाईलवाली

मी यावर दोन्हीकडून विचार केलाय नि अजून झोप लागत नाही असा हा प्रश्न आहे. तुझा आक्षेप मला पटतो. संमतीपत्र हा प्रकार मी आतून बघितलाय, वाचून दाखवताना बाईचं लक्ष दारात उभ्या पोराकडे असतं, ती 'हो हो' म्हणते, अंगठा उठवते. कागद नियमाप्रमाणे पूर्ण असतो. तिला काय कळलं याचा फॉर्म नसतो. पण तो अभ्यास झाला नसता तर 'व्हिनेगर काही कामाचं नाही' म्हणत सरकार अजून तीस वर्षं बसलं असतं असंही वाटतं. ठेव दोन्ही शेजारी शेजारी.

निवृत्त_मास्तर

धागा गंभीर झाला आहे म्हणून थोडे अवांतर. शेजारच्या केईएमलाही विसरू नका. बॉम्बे ब्लड ग्रुप हा जगभर मुंबईच्या नावाने ओळखला जाणारा रक्तगट १९५२ साली डॉ. भेंडे यांनी तिथेच मांडला. १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्र. के. सेन यांनी तिथे हृदयरोपण केले, जगातल्या पहिल्यानंतर अडीच महिन्यांच्या आत. पेशंट वाचला नाही, पण धाडस बघा. १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी. आम्ही तेव्हा शाळेत पेपरचे कात्रण लावले होते फळ्यावर.

महाडकरीण

मास्तर अवांतर करतायत तर मी पण. हॉस्पिटलच पाहिजे असं कुठंय? आमच्या महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचवावर जे केलं ते पण संशोधनच. लाल विंचू चावला की पोरं जायची, त्यांनी प्राझोसिन वापरलं, ब्लड प्रेशरची साधी गोळी. २०११ ला बीएमजेत आलं, ७० पेशंट, प्राझोसिनबरोबर विंचवाचं प्रतिविष दिलं तर दहा तासात ९१ टक्के पूर्ण बरे, नुसत्या गोळीने २३ टक्के.

फाईलवाली

याला वेगळा धागा पाहिजे ताई, तुम्हीच काढा. आपण परळला परत येऊ.

दादर_टीटी

माझा एक अनुभव. बाबांना तोंडाचा होता, पसरलेला. गाडगे महाराज धर्मशाळेत शेजारी एक जोडपं होतं बिहारचं, त्या काकांना पण तेच, त्यांना फक्त गोळ्या चालू होत्या. आम्हाला वाटलं गरीब म्हणून गोळ्यांवर भागवतायत. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. नंतर कळलं की त्या गोळ्यांवर पण संशोधन झालंय?

फाईलवाली

झालंय आणि निकाल ऐकून तुला बरं वाटेल. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा नि सेलेकॉक्सिब रोज दोनदा, दोन्ही जुनी औषधं (दुसरं तर सांधेदुखीचं). ४२२ पेशंट, एका गटाला या गोळ्या, दुसऱ्याला दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिन या केमोची सलाइन. २०२० ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलं, सिस्प्लॅटिनवाल्यांचं आयुष्य मध्यम मोजमापाने (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले, निम्मे कमी) ६.१ महिने, गोळ्यांवाल्यांचं ७.५. गंभीर त्रास पण गोळ्यांत कमी, १९ टक्के विरुद्ध ३०. म्हणजे ते काका 'भागवत' नव्हते. हां, साडेसात महिने म्हणजे काही बरं होणं नाही. पण ते महिने बेडला सुई लावून काढायचे की धर्मशाळेच्या ओट्यावर बसून, फरक आहे.

पुढे त्याच टीमने आणखी एक केलं. निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं) औषध, पूर्ण डोस बहुतेकांच्या ऐपतीबाहेर. त्यांनी २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी दिलं, नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी, गोळ्यांच्या जोडीला. १५१ पेशंट. वर्षाने जिवंत, नुसत्या गोळ्यांवर १६ टक्क्यांच्या आसपास, थेंबभर निव्होलुमॅब मिळालेल्यांत ४३. आता कमी डोस पुरतो का हे शोधायला औषध विकणारा पैसे देईल का, तूच सांग.

शंकासुर

इथे मात्र गप्प. फक्त एवढंच, कमी डोस आणि पूर्ण डोस अशी समोरासमोर तुलना त्यात नाहीये. ज्याला पूर्ण परवडतो त्याने 'टाटा म्हणतं २० पुरे' म्हणून स्वतःच कमी करू नये.

फाईलवाली

शंभर टक्के. हे वाक्य मीच लिहायला हवं होतं.

कोकणी_काजू

उलटीच्या औषधाचं पण काहीतरी होतं ना, माझी वहिनी लाल केमो घ्यायची तेव्हा एका गोळीने दिवसभर पेंगायची, पोराला डबा द्यायला उठता यायचं नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले होतं असं, सहन करा (हे हॉस्पिटल दुसरं, नाव नको).

टाके_मोजणारा

ओलान्झापिन. मुळात मानसोपचाराचं औषध, केमोच्या उलट्यांवर झकास चालतं पण गुंगी आणतं. टाटाच्या टीमने १० मिलिग्रॅमऐवजी २.५ देऊन बघितलं, २७५ पेशंट, २०२४ ला लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत. उलट्यांवर ताबा दोन्हीकडे सारखा, ४५ आणि ४४ टक्के. पहिल्या दिवशीची जबरी गुंगी १० च्या डोसला ४० टक्के लोकांना, २.५ ला ५ टक्के.

कोकणी_काजू

म्हणजे चार पट कमी गोळीत तेच काम?? आणि आम्ही सहन करत बसलो.

निवृत्त_मास्तर

असे संशोधन पेपरात येत नाही. पेपरात रोबो येतो.

दादर_टीटी

कार-टी पण येतं मास्तर. आयआयटीने नि टाटाने मिळून केलेलं, रक्ताच्या कॅन्सरचं. स्वस्त म्हणून गाजलं नि आलं तेव्हा किंमत चाळीस लाखांच्या आसपास. परदेशात तीन-चार कोटी लागतात मान्य, पण आमच्या चाळीत स्वस्त शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

फाईलवाली

२०२३ च्या ऑक्टोबरात परवानगी मिळाली त्याला. मोठं काम आहे, पेशंटच्याच पेशी घेऊन बदलून परत देतात. त्यावर लिहिणारे खूप आहेत म्हणून मी मुद्दाम टाळलं.

मला जास्त आवडतात ते 'नाही' वाले निकाल. ब्रेस्ट कॅन्सर आधीच शरीरभर पसरलेला असताना छातीतली गाठ काढून आयुष्य वाढतं का? ३५० बायका, २०१५ ला उत्तर, नाही वाढत. गाठ काढलेल्यांत १९.२ महिने, न काढलेल्यांत २०.५. ट्रायल सर्जनच्याच पुढाकाराने आणि उत्तर आलं 'सुरी लावू नका'. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये आधी केमो मग ऑपरेशन की थेट केमो-रेडिएशन, ६३५ बायका, २०१८, ऑपरेशनवाला गट मागे पडला, ५ वर्षं रोगमुक्त ६९.३ विरुद्ध ७६.७. या दोन कागदांनी किती बायकांची फुकटची कापाकापी वाचली असेल.

हे पाच-पाच वर्षांचे आकडे कसे जमतात ते सांगते. कुणीतरी फोन करतं. मी करायचे. नंबर बदललेला, घर बदललेलं, मुलगा म्हणतो 'आई गेली, तुम्ही कोण'. तेव्हा तारीख विचारायला लागते, विचारायची. आणि कधीतरी एखादी उचलायची आणि म्हणायची, 'बाई, हाय मी जित्ती, भुईमूग काढतेय, रातच्याला कर फोन'. मी फॉर्मवर 'जिवंत, रोग नाही' लिहायचे, भुईमुगाला रकाना नव्हता.

चिंचपोकळी_लोकल

नवीन मेंबर आहे, आजच अकाउंट काढलं. सासऱ्यांना परवा एका हॉस्पिटलात ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणाले. घरात सगळे म्हणतायत उंदीर करतील, नको. संमतीपत्र हिंदीत दिलंय, सासऱ्यांना हिंदी बोलता येतं, वाचता नीट येत नाही. मराठी मागितलं तर राग येईल का त्यांना?

फाईलवाली

मागा. हक्काने. एथिक्स कमिटीने मंजूर केलेली मराठी प्रत बहुतेक असतेच, नसेल तर सही करू नका. घरी आणा, रात्रभर ठेवा. तीन गोष्टी विचारा, ट्रायलमध्ये नाही गेलो तर कुठला उपचार मिळणार, जास्तीच्या तपासण्यांचा खर्च कुणाचा, आणि मधेच सोडलं तर पुढचं ट्रीटमेंट बंद होणार का (होता कामा नये). सीटीआरआयचा (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा) नंबर पण विचारा, २००९ पासून औषधांच्या ट्रायलची तिथे नोंद सक्तीची आहे, वेबसाइटवर टाकून बघता येतं.

शंकासुर

आणि 'दुसऱ्या गटाला काय मिळणार' हा परिच्छेद दोनदा वाचा.

चिंचपोकळी_लोकल

मिळाली मराठी प्रत. रागावले नाहीत, कपाटातून काढून दिली. बारा पानं आहेत. सासरे चष्मा लावून बसलेत, चौथ्या पानावर आहेत, 'यादृच्छिक' म्हणजे काय विचारतायत.

फाईलवाली

चिठ्ठी टाकणे. सांगा त्यांना. आणि पाचव्या पानावर अडले तर लिहा इथेच, पानाचा फोटो नको, नाव असेल त्यावर.